ओळ शून्य

संस्थेच्या खोलीत पंखा नाही, संगणक आहे.
बर्फाच्या पेटीशेजारी ठेवलाय, म्हणून तापत नाही
असं सचिव वलथरेकाका म्हणतात,
आणि खरंच तापत नाही.

माझ्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं.
नागपुरात नोकरीला होते तेव्हा हे वाक्य रोज म्हणायचे.
इथं तलावाच्या पाळीवर ते म्हणायची लाज वाटते.

फुलनबाई दिघोरेची टोपली तोलली:
चार किलो दोनशे, मरळ.
बटण दाबलं. बटण दबलं.
लाल नाही, हिरवं नाही, काहीच नाही.
“पोरी, मासोरी तं तोलली,
पन खात्यावर चढलीच नाई.”

मग तेच बटण मी तीन ठिकाणी दाबून पाहिलं.
क्रोम म्हणाला, जे ठरलंच नाही
त्याचं वजन मी कसं वाचू?
संस्थेतला जुना फायरफॉक्स म्हणाला,
टोपली ठरलेली नाही. एवढंच. मान वळवली.
मत्स्य अधिकाऱ्यांच्या फोनात सफारी:
‘न ठरलेलं’ ही वस्तू नव्हे.

चूक एकच, तीन तोंडांतली.
आमच्याकडची बोटरी
नदीपल्याड दुसऱ्याच नावानं विकली जाते
आणि दोन्ही काठांवरची माणसं शपथेवर सांगतात
की हा मासा तो नव्हेच.

मी मात्र क्रोमचं वाक्य शब्दशः घोटून
अट लिहिली होती:
असं बोललास, तर ओळखीन.
बाकीच्यांना माझ्या कोडनं
दारातूनच परत धाडलं,
पाणीसुद्धा विचारलं नाही.

आई शिंगूर अंधारात ओळखते,
मडक्यात हात घालून, काट्यावरून.
“नाव इचारत बसशील
तं हात सुजन,” म्हणते.

वीज सव्वाअकराला आली.
ओळ एकशे अठ्ठ्याहत्तर.
ट्राय. मग कॅच. मग महिरपी कंस,
आणि कंसात कोरं.
कोणी लिहिलं हे? तारीख पाहिली.
मीच. मारबतीच्या दिवशी, घाईत.
बाहेर गाव ओरडत होतं,
रोगराई घेऊन जा गे,
आणि मी आत बसून
चूक घरातच पुरत होते.

बाबा असा मासा धरत नसत.
लहान असला तर पाण्यात परत,
मोठा असला तर पाटीत.
पण जिवंत मासा मुठीत धरून
‘काही नाही’ असं ते
कधी कोणाला म्हणाले नाहीत.

आता त्या कंसात चार ओळी आहेत.
वाक्य विचारत नाही, जात विचारते, म्हणजे चुकीची;
इथं हा शब्द लिहिताना बोट अडखळलं, प्रकार म्हणूया.
कोणता प्रकार, कितवी ओळ,
कुठला ब्राउझर, कोणाची टोपली.
जी मला कळत नाही ती वर फेकते,
ज्याला कळेल त्यानं धरावी.

सकाळी वलथरेकाकांचा फोन, आवाजात लग्नघर:
“आज लाल आलं नं बाप्पा!
असं मोठ्ठं लाल!”
चार किलो दोनशे त्यांनी हातानं चढवले.
मग मी दुपारपर्यंत झोपले.

एक मात्र राहिलीय.
रोज पहाटे साडेपाचला, एकाच फोनवरून:
स्क्रिप्ट एरर. ओळ शून्य.
दुसऱ्याच्या घरून आणलेल्या कोडात काही बिनसलं
की ब्राउझर परक्यांपुढे तोंड उघडत नाही,
काय झालं सांगत नाही, कुठं तेही नाही.
कोणाचा फोन, माहीत नाही.
त्या वेळी मामा तलावावर धुकं असतं,
डोंग्यात कोणीतरी एकट्यानं
काहीतरी तोलू पाहत असतं.

उद्या पाचलाच पाळीवर जाऊन बसते.